आक्काच्या ओव्या आणि माझा कंदील

आक्का गेल्याचं मला आधी फोनवर कळलं. तिचा मुलगा, माझा भाचा गुरुनाथ नळदुर्गच्या एका दुकानातून बोलत होता, मागं ट्रकांचे भोंगे वाजत होते, आणि त्या गलक्यात मला ‘मामा’ आणि ‘सकाळी’ एवढे दोनच शब्द नीट ऐकू आले. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केलेली, त्यामुळं मातीलाही जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची निधनवार्ता आली. ती सुनेनं मला वाचून दाखवली, मी पुन्हा वाचायला लावली, आणि तरीही आज त्यातला एक शब्द सांग म्हटलं तर सांगता येणार नाही. मग बोरगावाहून सिद्राम आला. आक्काच्या शेजारचा. दारात चपला काढून तो खाली फरशीवर बसला आणि तळहात गुडघ्यावर उपडा ठेवत म्हणाला, “आक्कांनी उठून तोंड धुतलं, चहा घेतला, म्हनल्या जरा पडते... आन् पडल्या त्या पडल्याच.” तो उपडा तळहात मला अजून दिसतो. त्या क्षणी मला आक्का गेल्याचं खरं कळलं.

कुठल्या वाटेनं आलेली गोष्ट माणसाच्या आत टिकते आणि कुठल्या वाटेनं आलेली वाहून जाते, हा माझ्या उभ्या नोकरीचा विषय. आरोग्य खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढली, नव्या पोरांना शिकवलं, आणि या विषयातला जाणकार म्हणून थोडंफार नावही मिळालं. ते नाव ज्या एका पाहणीवर उभं राहिलं, ती पाहणी खोटी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आक्काला तर मुळीच नाही, कारण तिला ते ठाऊक नाही अशी माझी पक्की समजूत होती...

आमचं घर नळदुर्गचं. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई माझ्या लहानपणीच सतत आजारी, त्यामुळं मला आक्कानंच कडेवर वाढवलं. बारा वर्षांची झाली नाही तोच तिचं लग्न झालं आणि ती तीन कोसांवरच्या बोरगावात नांदायला गेली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. मला मात्र वडिलांनी शाळेत घातलं. तेव्हा निजामी अंमल, शाळेत सगळं उर्दू. मी हुशार निघालो, पुढं हैदराबादला शिकलो, आणि बाविसाव्या वर्षी आरोग्य खात्यात लागलो. सुट्टीत बोरगावी गेलो की आक्का शेजारणींना ओट्यावर बोलावून म्हणायची, “आमचा मल्लू सायबाशी त्येंच्या बोलीत बोलतो.” मला ते आवडायचं. आणि तिचं अडाणीपण मला तेव्हा लाजिरवाणं वाटायचं, हेही लिहून टाकतो. लिहायचंच आहे तर हातचं राखून कशाला लिहायचं.

त्या काळी आमच्या भागात नारू घरोघर. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. पायावर फोड यायचा, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटं ओढायचा. तुटला तर पाय सुजायचा, पिकायचा, कधी जन्माचा आखडायचा. आग थंड व्हावी म्हणून माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडून बसायचा आणि तिथंच तो किडा आपली पिलं पाण्यात सोडायचा. एक बारीक जलकिडा ती पिलं गिळायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटातून वर्षभरानं पुन्हा पाय फुटायचा. उपाय दोनच. नारू झालेल्यानं बारवेत उतरायचं नाही, आणि पाणी चार पदरी कापडातून गाळून प्यायचं. एवढंच लोकांना पटवायचं होतं.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, मोठा सज्जन माणूस. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून दुभाष्या मी. त्यांच्या मनात आलं की सांगण्याच्या कुठल्या रीतीनं लोक शिकतात ते एकदा तपासून बघावं. ईट गावात छापील कागद वाटायचा. पिंपरीत चावडीपुढं नुसतं भाषण करायचं. आणि तिसऱ्या गावात कंदील, म्हणजे दिव्यापुढं काचेची चित्रं सरकवून ती पडद्यावर मोठी करून दाखवायचं यंत्र. तीन महिन्यांनी तिन्ही गावांत जाऊन, कोण काय शिकलं आणि कोण काय करतं ते विचारून लिहायचं. कंदिलासाठी गाव निवडायची मोकळीक त्यांनी मला दिली. मी बोरगाव निवडलं. आक्कानं मला बघावं, एवढाच त्यात हेतू होता.

मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर धोतर ताणून पडदा केला. दिवेलागण झाली तशी सगळी आळी लोटली. पहिलं चित्र बारवेचं, दुसरं नारूनं आखडलेल्या पायाचं, आणि तिसरं त्या जलकिड्याचं. मोठा करून दाखवलेला तो किडा बैलाएवढा दिसत होता, कपाळावर एकच डोळा, मागं दोन शेपट्या. लोकांत एकदम गलका झाला, लेकरं रडायला लागली, म्हाताऱ्या हात जोडून बसल्या. मी वेताची काठी पडद्यावर टेकवून मोठ्या आवाजात सांगत होतो, पण माझं सांगणं कुणाच्या कानात शिरत होतं असं नाही. सगळे त्या डोळ्याकडं बघत होते. खेळ झाला तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसलो होतो. तिनं विचारलं, “मल्लू, त्यो किडा खरा केवढा असतो?”

“अगदी बारीक. खसखशीच्या दाण्याएवढा.”

ती थापायची थांबली. “मग येवढा कशापायी दावला?”

“मोठा करून दाखवला म्हणजे नीट दिसतो.”

“लोकं भ्याली,” ती म्हणाली, “पन भलत्यालाच भ्याली. आत्ता पान्याला गेल्यावर समद्या वाकून बघत हुत्या बारवंत. म्हनल्या, आपल्यात तसला न्हाय बाई, असता तर दिसला असता की.”

“तुला काय कळतं त्यातलं, आक्का?” मी म्हणालो. असंच म्हणालो, याच शब्दांत.

तिला राग आला नाही. भाकरी तव्यावर टाकून तिनं पुन्हा विचारलं, कापड किती पदरी पाहिजे? मी चार म्हटलं. दोन पदरी चालत नाही का? नाही. जुनं लुगडं चालतं का? चालतं, उलट जुनं बरं, वीण दाट बसते. गाळून झाल्यावर ते कापड कुठं झटकायचं? हे मला खुद्द डॉक्टरसाहेबांनीही सांगितलं नव्हतं. मी जरा विचार करून म्हणालो, बारवेपासून लांब, कोरड्या मातीत. ती मान डोलवत होती, ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, भाकरी मोजतेय.

तीन महिन्यांनी मी विचारपूस करायला निघालो. आधी ईटला. आमचा कागद गुलाबी रंगाचा होता. एकानं तो देवळीत देवामागं नीट लावून ठेवला होता, छापील अक्षराला पाय लागू नये म्हणून. त्यात काय लिहिलंय विचारल्यावर म्हणाला, “सरकारी हाय. नारवाचं कायतरी.” बऱ्याच जणांना रंग आठवत होता. ज्या दोघांनी वाचला होता त्यांनी मला शब्द न् शब्द म्हणून दाखवला, आणि दोघांच्याही घरात पाणी न गाळताच रांजणात पडत होतं. पिंपरीत लोकांना डॉक्टरसाहेब आठवत होते, त्यांची तुर्की टोपी आठवत होती, बोलताना त्यांना ठसका लागला आणि पाटलानं पाणी दिलं हे आठवत होतं. नारूचं? “ते तुमी सांगितलाव की मागं,” एवढंच.

मग बोरगाव. मी मुक्कामी आक्काकडंच उतरलो. पहाटे ओट्यावर झोपलेला असताना आतून जात्याची घरघर कानावर आली आणि तिच्यावर आक्काचा आवाज. अर्धवट झोपेत वाटलं, नेहमीच्याच माहेरच्या ओव्या असतील. मग शब्द लागायला लागले.

नारवाचं बी ग बाई, डोळ्यांना दिसंना
सवत आली उंबऱ्यात, पावलं वाजंना

मी उठून बसलो. पलीकडच्या घरातल्या जात्यावरून दुसरी कुणी पुढची ओवी उचलत होती.

जुनं माझं लुगडं, घडी घातली चौपदरी
घागरीच्या तोंडाला, राखन बसली दारी

आणि तिसऱ्या घरातून,

नारवाचा पाय बाई, बारवंत टाकू नगं
आपलं ग दुखनं, लेकराला वाटू नगं

सकाळी मी घरोघर फिरलो. एकूण एक घागरीच्या तोंडावर चौपदरी कापड. बायकांना कापडाचे पदर ठाऊक, कोरड्या मातीत झटकणं ठाऊक, नारू झालेल्या माणसाला पाणी घरी आणून द्यायचं हेही ठाऊक. चित्रातल्या किड्याचं विचारलं तर हसायच्या. “त्यो बैलायेवढा? आक्का म्हनल्या ते दावायसाठी फुगवलं हुतं. खरा खसखशीयेवढा.” पुरुषांना मात्र यातलं काही येत नव्हतं. ते म्हणायचे, “बाया गाळत्यात, आमी पितो.” जात्यावर ते बसत नव्हते ना. हे सगळं मी टिपून घेतलं. इतकी नीट, इतकी सरळ गोष्ट मला पुन्हा आयुष्यात कुठं सापडली नाही. कंदिलानं विषय गावात आणला होता, यात शंका नाही. पण शिकवलं होतं ते आक्कानं. अवाढव्य किडा तिनं पुन्हा लहान केला, आणि सवतीच्या न वाजणाऱ्या पावलात बसवला.

आठ दिवसांनी डॉक्टरसाहेब स्वतः पडताळा घ्यायला आले. आक्काच्याच अंगणात बाज टाकली. समोर बायका बसल्या, आक्का दाराच्या चौकटीला टेकून, डोईवरचा पदर ओढून उभी. साहेब घागरी बघून आले होते आणि खूश होते. येतानाच छकड्यात ते मला म्हणाले होते की या पाहणीचा निकाल वर जाणार आहे. कंदील यशस्वी ठरला तर जिल्ह्याला आणखी कंदील येतील, आणि त्या कामावर ते माझी नेमणूक करतील. आणि पुढं असंही म्हणाले होते, “मगर सच लिखना, मल्लिनाथ. किसी ने सिखाया हो तो उस का नाम भी लिखना.”

त्यांनी तुळसाबाई नावाच्या एका पोक्त बाईला विचारलं, “पानी छानना किस ने सिखाया?” मी मराठीत सांगितलं.

तुळसाबाई पदर सावरत म्हणाली, “कुनी म्हंजी? ह्या आमच्या आक्कांनीच की. जात्यावर गात्यात, आमच्या समद्यांच्या तोंडात बसलंय. म्हनून दावू का सायबास्नी?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “साहब, कहती हैं कि कंदील की तस्वीरें देख कर सीखा. सब को याद हो गया.”

एवढं सोपं होतं ते. जीभ अडखळली नाही. अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या, त्याही उडाल्या नाहीत. साहेब गायला सांगतात का म्हणून तुळसाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिला म्हणालो, “साहेबांना वेळ नाही.” आणि मग साहेबांनी, काय मनात आलं कोण जाणे, दाराकडं वळून थेट आक्काला विचारलं, “और आप? आप को कैसे याद रहा?”

मी विचारलं, “आक्का, साहेब म्हणतात, तुझ्या कसं ध्यानात राहिलं?”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “सायबास्नी सांग, माज्या भावानं दावलं, ते ध्यानात ऱ्हायलं.”

ते मी जसंच्या तसं उर्दूत सांगितलं. त्या दिवशी मी खरं भाषांतर केलेलं ते एकच उत्तर. साहेब हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, वहीत काहीतरी लिहिलं. मला मनातून वाटलं, बरं झालं, बिचारीला उर्दू कळत नाही. आणि तिनं आपणहूनच माझ्या सोयीचं उत्तर दिलं, हे केवढं नशीब!

नेमणूक झाली. कागद छापणं बंद झालं, भाषणं बंद झाली, कंदील वाढले. दोन पावसाळे मी गावोगाव तो बैलाएवढा किडा दाखवत हिंडलो. तिसऱ्या वर्षी एका गावात पुन्हा जायची वेळ आली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माझ्या कंदिलाला सगळ्यांत जास्त गर्दी झाली होती. गेलो तर पेरणीचे दिवस आणि निम्मं गाव घरात पडलेलं. एक तरणी बाई, पुतळाबाई, ओसरीत पाय पसरून बसली होती. गुडघ्याखाली दोन ठिकाणी काड्या बांधलेल्या, त्यांना गुंडाळलेले पांढरे दोरे. मांडीवर तान्हं लेकरू. तिनं मला लगेच ओळखलं. “कंदीलवालं मास्तर न्हवं का तुमी? तो एकडोळ्या किडा अजून सपनात येतो बगा माझ्या.”

मी विचारलं, “मग पाणी गाळत नव्हता का?”

“कशापायी गाळावं?” ती म्हणाली. “तसला किडा आमच्या बारवंत न्हाईच की. आमी बगितलं ना वाकून वाकून.”

आक्का चुलीपाशी तीन वर्षांपूर्वी जे बोलली होती तेच, जवळजवळ तेच शब्द. पुतळाबाईचा एक पाय पुढं आखडला तो आखडलाच. मी त्या गावाहून परतताना छकड्यात ठरवलं होतं की साहेबांना सगळं सांगायचं, बायकांना ओव्या शिकवायला आक्काला बोलवा म्हणायचं. पण तोवर साहेबांची बदली झाली होती. त्यांचा पत्ता माझ्याकडं होता. पत्र लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं... मग राज्य बदललं, पोलीस ॲक्शन झाली, उर्दू जाऊन मराठी आली, खातं बदललं, साहेब बदलले. माझी बोरगावची पाहणी मात्र फायलीतून फायलीत माझ्या मागोमाग येत राहिली. पुढं मी शिकवायला लागलो तेव्हा दर वर्षी नव्या तुकडीला बोरगावचा दाखला द्यायचो. एका अडाणी गावानं नुसती चित्रं बघून नारू हटवला, असं फळ्यावर लिहायचो. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. त्यांतली किती जणं तेच शिकून कुठल्या कुठल्या गावात गेली असतील, याचा विचार मी मुद्दाम करत नसे.

आक्काशी माझं कधी वाकडं आलं नाही. पंचमीला ती यायची, नाहीतर मी जायचो. मी साहेब झालो याचा तिला फार अभिमान. माझ्या पोरांना तिनं कधी ओव्या ऐकवल्या नाहीत. मी तिथं बसलेलो असलो की ती जात्यापासून उठायची. मला वाटायचं, भावापुढं लाजते.

आक्काच्या शिवगणाराधनेच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसांच्या जेवणाच्या दिवशी डोळ्याला काळा चष्मा लावून मी बोरगावला गेलो. मंडळी जेवत होती. मी अंगणात एका कडेला बसलो होतो, तिथं हमीदाबूबू काठी टेकत आली. ही शेजारच्या मनियाराची लेक, बांगड्यांचा धंदा, आक्काच्याच वयाची. दोघींची मैत्री मला ठाऊक होती. दोघी एकमेकींशी मराठीत बोलत असणार, असं मी धरून चाललो होतो. बूबू माझ्याजवळ बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मेरेसे दखनी बोलनेवाली अब कोन रही, भय्या?”

मी विचारलं, “आक्का दखनी बोलायची?”

“हौ. लगन हो को आई तब से. मरदां के सामने नै बोलती थी, सास कू पसंद नै था. मेरे आंगन में तो दिनभर बोलती थी.”

दखनी म्हणजे आमच्या मुलखातली उर्दूच. जेवणाच्या पंगतीतून कुणीतरी मला हाक मारत होतं, मला उठवेना. बूबूनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं की मला काय कळलंय ते. ती सावकाश म्हणाली, “तुमे उस दिन सायब कू क्या बोले, उनो सब समजी. शाम कू मेरे आंगन में आ को बैठी. बोली, हमीदा, भाई मेरा झूट बोल्या गे. मैं बोली, तो मूं पो बोलना था ना वहींच. बोली, नक्को. सायब के सामने उसका पानी कायकू उतारना? अबी अबी तो खडा हुआ है वो.”

“मग कधी... पुढं कधी काही म्हणाली?”

“एकबार. बोली, वो खुद आ को बोलेगा मेरेकू. देखती मैं.” बूबू काठीशी चाळा करत थांबली. “भोत दिन देखी.”

चाळीसहून जास्त वर्षं. दर पंचमीला. मी दारात चपला काढायचो तेव्हा, पाण्याचा तांब्या तिच्या हातून घ्यायचो तेव्हा... मी तिला अडाणी समजत होतो, आणि ती वाट बघत होती. अंगणात मी तिच्याकडून जे उत्तर नशिबानं मिळालं म्हणत होतो, ते तिनं समजून उमजून दिलेलं होतं. माझं खोटं तिनं स्वतःवर घेतलं, तेही खोटं न बोलता. “माज्या भावानं दावलं” यात खोटं काय होतं? दाखवलं मीच होतं. उरलेलं सांगायचं माझ्यावर सोपवून ती गप्प बसली. शरम हा शब्द मी आयुष्यात पुष्कळदा वापरला असेल, त्याचं वजन त्या दुपारी कळलं. सत्तरीच्या माणसाला रडायला कोपरा शोधावा लागतो. बूबू उठून गेली नाही, एवढं तिनं केलं.

पंधरा दिवसांनी मी वही घेऊन पुन्हा गेलो. दुसरं काही हातात उरलं नव्हतं, निदान ओव्या तरी तिच्या नावानं लिहून ठेवाव्यात असं वाटलं. आक्काची सून महादेवी पंचावन्नच्या पुढची. मी म्हणालो, “मला आक्काच्या नारवाच्या ओव्या सांगता का? लिहून घेतो.” ती सोफ्यावर बसली, पदर सारखा केला, तोंड उघडलं आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अर्ध्या ओळीत थांबली. हसून म्हणाली, “मामा, अशा बसून न्हाईत येत. हात फिरल्याबिगर तोंडात येतच न्हाईत बगा.”

गावात गिरणी येऊन कैक वर्षं झाली होती. आतल्या खोलीत, जिथं आक्का झोपायची, तिथं कोपऱ्यात पोत्यांच्या मागं जातं होतं. गुरुनाथनं पोती सरकवली, महादेवीनं जातं पुसलं. रिकामं जातं फिरवू नये म्हणून तिनं ओंजळभर ज्वारी आणली. खुंटा धरून तिनं दोन फेरे नुसते काढले, तिसऱ्या फेऱ्याला मान खाली गेली आणि ओवी आली. मग दुसरी आली. मी भराभर लिहीत होतो. डोळा अजून कच्चा, अक्षर वेडंवाकडं पडत होतं, पण शब्द सुटत नव्हता. नऊ ओव्या झाल्या. कापड झटकायच्या कोरड्या मातीचीही एक होती. महादेवी थांबली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, “अगं बाई, पयली तर ऱ्हायलीच. तिच्याबिगर आक्का दुसरी म्हनतच नव्हत्या.” तिनं पुन्हा खुंटा धरला.

शिकला ग भाऊ माझा, उजेडात दावी वैरी
त्याच्या ग सबुदानं, पानी गाळिते मी घरी

महादेवीनं दोनदा म्हटली. तेवढ्यात ज्वारी संपली, तसा तिनं हात आवरला. म्हणाली, “लिवली का मामा?”

मी हो म्हणालो. लिहिली नव्हती. बाकीच्या नऊ वहीत आहेत, वर आक्काचं पूर्ण नाव घातलंय, तरी त्यांतली एखादी म्हणायची तर मला पान उघडावं लागतं. ही दहावी मी आज पहिल्यांदाच कागदावर उतरवतो आहे. आणि ती सांगायला मला वही लागली नाही.